वितळ

बर्फाच्या कारखान्यात एक खातं असतं, वितळ.
लादी साच्यातून निघते तेव्हा एकशे चाळीस किलो,
ट्रॉलरच्या खणात उतरते तेव्हा नेमकी किती
ते कोणी विचारत नाही.
मधला फरक मी लाल शाईने लिहिते,
अकरा वर्षं झाली, आनंदवाडी बंदरावर,
आणि मालक सही करतो. भांडत नाही.

रात्रपाळीला कॉम्प्रेसर घरघरतो.
वजनकाट्याला फोन टेकवून
मी सहा जणांच्या टेबलावर बसते.
कोणी भटिंड्याचा, कोणी विजयवाड्याचा,
नावं सगळी खोटी. माझंही: मोरी४७.
मोरी म्हणजे लहान शार्क.
त्यांना वाटत असेल न्हाणीघर. वाटू दे.

गणपतीनंतर निळ्या वहीत छत्तीस हजार होते.
मग जे लागलं त्याला ओहोटी म्हणणार नाही मी.
ओहोटीचं वेळापत्रक असतं,
बंदराच्या ऑफिसात भिंतीला चिकटवलेलं.

हातात एक्क्यांची जोडी,
समोरचा सत्ती-अठ्ठीवर सगळं लोटतो,
शंभरात सत्त्याहत्तर वेळा मीच जिंकायला हवं.
उरलेल्या तेवीस वेळा
तेवीस रात्री ओळीने आल्या.
शेवटच्या पत्त्याला ते रिव्हर म्हणतात.
आमच्याकडे नदी शेवटाला खारटच होते.

एकोणीस हजार. बरोबर खेळूनही.
हा 'ही' फार टोचतो.
चुकले असते तर
स्वतःला दोन शिव्या देऊन झोपले असते.
आई विचारते, डोळे लाल का?
अमोनिया, म्हणते मी. अर्धं खरं.

चोविसाव्या रात्री मोठ्या टेबलावर गेले.
कानशिलं तापली होती, बोट आपसूक सरकलं.
वीस मिनिटं. सहा हजार.
पत्ते कुठले होते तेही आठवत नाही.

साडेतीनला खिडकीवर टकटक.
पुरसो कुबल, सलग चार फेऱ्या रिकामा आलेला,
आणि मागतोय निम्माच बर्फ.
"निम्मोच?"
"ट्रॉलर लावन ठेवलंय. पात घेवन खाडीत जातंय."
"लोक हसतले."
"हसांदेत. खाडीक लाज नसता."

मला शिकवायला बोलला नाही तो.
माझ्या फोनचं त्याला काय माहीत?
सुट्टे मोजत होता, दहाची एक नोट फाटकी निघाली
ती बदलून घेतली, आणि गेला.

मी वहीचं मागचं पान उघडलं.
अकरा हजार भागिले चाळीस, दोनशे पंच्याहत्तर.
म्हणजे दोनशेचं टेबल. पाचशेचं नाही.
जिथे मी चार वर्षांपूर्वी बसायचे
तिथे परत, नवशिक्यांत,
जे पत्ते बघायच्या आधीच हसऱ्या चेहऱ्याची चित्रं पाठवतात.
खाली लिहिलं: तीन वेळा रिकामी झाले की उठायचं.
त्याखाली: कानशिलं तापली की
तीन मोजत बसायचं नाही.

काल शेहेचाळीस रुपये जिंकले.
पुरसोच्या टोपलीत चार शेंगटी होत्या,
त्यावर ओलं गोणपाट, जणू सुरमई झाकलीय.
आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.

एकोणीस हजारांचं मी नाव ठरवलंय.
निळ्या वहीत लाल शाईने लिहिलंय, वितळ.
उन्हात नेलेला बर्फ उणा व्हायचाच,
मोजावा, सही करावी, पुढची लादी काढावी.

पण ते सहा हजार वितळले नव्हते.
ती लादी मी स्वतः उचलून
धक्क्यावरून पाण्यात टाकली होती.
तिच्यासाठी एक ओळ कोरी ठेवलीय.
पेन उघडते, टोपण लावते.
कॉम्प्रेसर थांबला की साच्यांतून
टप टप ऐकू येतं.