लाभ

कोपरखैरण्यात माथाडींची घरं,
एका खोलीवर चढत गेलेले मजले,
आणि जिना असा, की माझ्या पेशंटला
खाली उतरूच द्यायचं नाही म्हणून बांधलेला.
स्कूटर दूधकेंद्रापाशी लावते.
पिशवीत रबरी पट्टे, चेंडू, कोन मोजायची पट्टी,
आणि चपला आत घ्यायला एक जुनी थैली,
कारण गेल्या महिन्यात इथल्या कुत्र्याने एक पळवली.

हिंदुराव पिसाळ. वय अडुसष्ट. उजवी बाजू गेलेली,
वाचाही. फाइलमध्ये एवढंच.
फाइलमध्ये नव्हतं ते बोटांना लागलं:
मानेच्या मुळाशी, सातव्या मणक्यावर
लिंबाएवढी गाठ, वरचं कातडं वहाणेसारखं.
"दाणाबंदर," सून म्हणाली. "छत्तीस वर्षं."
दाराशी खिळ्याला त्यांचा आकडा अजून टांगलेला,
मूठ त्यांच्याच बोटांनी झिजलेली.

शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन
जो माणूस फळीवरून ट्रकात चढायचा
त्याला मी सांगत होते, काका, टाच उचला.
फक्त टाच.
ते पंख्याकडे बघत राहायचे.
पाय मीच उचलायचे, मीच मोजायचे, एक, दोन, तीन,
म्हणजे सगळा व्यायाम माझाच.

असे सहा आठवडे.
नयनाच्या हातचा भरपूर चहा प्यायले
आणि फीचं पाकीट घेताना
तिच्या डोळ्यांतला हिशेब दिसलाच नाही असं दाखवलं.

मग एका मंगळवारी
माझा तळवा त्यांच्या टाचेखाली, मी म्हटलं, "एक",
आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.
वाटलं, दुखलं.
पुन्हा म्हटलं, "एक."
ओठ हलले, लाळ ओघळली,
आणि गोदामाच्या पार तळातून ओढून काढावा
तसा शब्द आला:
"लाभ."

मी नयनाकडे पाहिलं. तिच्या हाताला कणीक.
"धान्य मापताना एक नाही म्हणत," ती म्हणाली,
आणि मग तिच्या लक्षात आलं, कोण बोललं ते.
"लाभ," पुन्हा. या वेळी रागाने,
जणू मी तराजूपाशी नवी लागलेली अडाणी पोर.
"दोन. तीन. चार."
चारला माझा तळवा रिकामा होता.
टाच दोन बोटं वर, हवेत,
थरथरत.

मला ठाऊक आहे, असं होतं.
मोजणं, आरत्या, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतात,
परीक्षेत लिहिलं होतं, सातापैकी सहा मार्क.
तरी त्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

लगेच सगळं बरं झालं असं नाही.
पाण्याला ते अजून "आठ" म्हणतात,
नातवाला "बारा", आणि तो "ओ" देतो.
मीही बिघडले आहे. परवा ऐरोलीत
गुडघा बदललेल्या देसाईबाईंना म्हणून गेले, "चला, लाभ!"
त्या म्हणाल्या, "कसला?"

काल बेल वाजवली.
नयना लगेच उघडते. काल कुणी उघडेना.
आत वॉकरचा एक ठोका.
मग काहीच नाही. मग दुसरा.
बेलकडे गेलेलं बोट मी मागे घेतलं.
वरून भाजी घेऊन येणारी बाई थबकली,
"घरात नाहीत का कुणी?"
"आहेत," मी म्हटलं.
ऐरोलीला उशीर होणार होता. होऊ दे.
दारापलीकडे पुटपुटत मोजणं चालू होतं,
बहुतेक नवावर आले होते,
मग मोजणं थांबलं
आणि कडी हलली, अडकली, पुन्हा हलली.
मी चपला काढून थैलीत ठेवल्या
आणि उभी राहिले.