अकरा नंबरची फाईल

तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं :
आधी नाव, वय, तारीख बोलून घ्यायची,
पंखा बंद करायला लावायचा,
आणि आपण मध्ये हं हं करायचं नाही,
नुसती मान हलवायची.

पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात
पंखा बंद केल्यावर माणूस किती वेळ खरं बोलतो
हे सरांनी कधी मोजलं नसावं.
मी पंखा चालूच ठेवला.
म्हणून माझ्या सगळ्या मुलाखतींच्या तळाशी
एक घरघर आहे,
चहाच्या पातेल्याने धरलेल्या काळ्या थरासारखी,
घासली तरी न जाणारी.

सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य :
"तुला म्हाईतीच हाय की गं."
आहे ना माहीत.
दांडेकर पुलाच्या ह्याच गल्लीत वाढले मी,
तुमच्याच हंड्यामागे असायचा माझा हंडा.
पण ह्या काडेपेटीएवढ्या यंत्राला माहीत नाही मावशी,
त्याला सांगा.
मग त्या यंत्राकडे तोंड करून
बहिऱ्या पाहुण्याशी बोलावं तशा
मोठ्या आवाजात सांगत सुटतात.

इंदुबाई खुडे. वय, "लिही साठ-पासष्ट, काय असंल ते."
कालवा फुटला त्या दिवसाचं सांगत होत्या,
मिसळणाचा डबा कसा तरंगत दारापर्यंत आला,
आत हळद कोरडीच.
हसल्या. मीही हसले, तेही आलंय रेकॉर्डिंगमध्ये.
मग बाविसाव्या मिनिटाला
त्यांच्या तोंडून एक नाव निघालं.
पाच मिनिटं त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत, दारात इंदुबाई.
चहा नको म्हणाल्या.
"कालचं त्यातलं वाईच पुस."

पायरीवर बसलो दोघी,
वायरीचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या.
नेमकं कुठून कुठपर्यंत, ते त्यांनीच दाखवायचं होतं.
सुरुवातीलाच त्यांनी माझा हात धरला.
"ही कोन बोलतीय?"
तुम्हीच.
"न्हाई गं. ही माझी आई."
बार्शीला वारली ती. फोटोसुद्धा नाही म्हणाल्या.
मग नावापर्यंत पोचेतो
त्या आईचंच ऐकत बसल्या, तोंडाला पदर लावून,
आणि नाव आल्यावर
नुसतं बोट वर केलं.

नव्या पेठेतल्या ऑफिसात नियम आहे :
प्रत्येक मुलाखत तीन ठिकाणी.
यंत्रातल्या कार्डात, लॅपटॉपवर,
आणि कपाटातल्या काळ्या डबीत, तिची किल्ली सरांकडे.
तीन ठिकाणी ठेवली म्हणजे हरवत नाही.
मी तिन्ही ठिकाणी कापली. किल्लीसाठी
स्टेपलरच्या पिना संपल्यात असं सांगितलं.
माझ्या कानात आहे ती चौथी.
तिच्याबद्दल ट्रेनिंगमध्ये काही नव्हतं.

सांधा नीट बसला नाही.
इंदुबाईंच्या शेजारच्या कुकरची शिट्टी चढते
ती उतरतच नाही,
एकदम दप्तर आपटल्याचा आवाज, नातू शाळेतून आलेला.

सरांनी हेडफोन काढला.
"अकरा नंबरमध्ये उडी आहे. काय झालं होतं इथे?"
"पाणी आलं होतं, सर."
ते पटलं त्यांना. पाणी आल्यावर
पुढे कोण काय विचारणार.
शेऱ्याच्या रकान्यात त्यांनीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात :
पाणी आल्याने मुलाखत खंडित.

परवा नळावर इंदुबाई भेटल्या. माझ्या पुढे तिसऱ्या.
वळून पाहिलं, आवाज खाली आणला :
"आई हाय न्हवं त्यात अजून?"
आहे.
"मग ऱ्हाऊ दे,"
आणि हंडा पुढे सरकवला पायाने.