झोपताना एक

हर्णैच्या बर्फ फॅक्टरीत मी हिशेब लिहिते.
लाद्या किती, कुठल्या बोटीला, उधारी किती.
बर्फावरून विनोद कुणी करू नये,
माझा मीच करून झालाय.

दापोलीला डॉक्टर काद्रीबाईंकडे
तीनदा नंबर लावला, तीनदा उठून आले.
चौथ्यांदा आत गेले तर शब्दच सापडेना.
इच्छा नाही, हे आपण
पुन्हा भात वाढायला आलं की म्हणतो.
वासना हा पेपरातला शब्द, पोलिसांच्या पानावरचा.
मी म्हटलं, गोडी गेलीय.
कशातली?
मी खिडकीतून एसटी वळताना बघत राहिले.
त्यांना कळलं.

मग थायरॉईड, हिमोग्लोबिन, झोप लागते का,
नवरा हात उचलतो का.
नाही हो. हरेश कूस बदलतो तीसुद्धा
उशीला ऐकू जाऊ नये अशी,
जणू उधारी त्याच्याच नावावर आहे.
वय एकोणचाळीस. पाळी अगदी वेळच्या वेळी.

होतं असं, त्या म्हणाल्या. नाव आहे याला.
औषधही आहे, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही.
पुढे भरती-ओहोटीचं काही काढणार होत्या;
मी आधीच म्हटलं, बाई,
ओहोटीची वेळ छापून येते.
माझी तीन वर्षं चाललीय.

झोपताना एक. रविवारची माडी बंद.
रात्री उठलात तर भिंत धरा.
आठ आठवडे बघू.

पाकीट मी हळदीच्या बरणीमागे ठेवलं.
चार दिवसांनी काढून त्याच्या हातात दिलं.
त्याने ते वाचलं, उलटून पुन्हा वाचलं,
इंग्रजी बारीक अक्षर, चष्मा नाही.
"माझ्यासाठी घेतेस?"
नाही, म्हटलं.
मला माझी आठवण येते.
तो बराच वेळ पाकिटाची घडी घालत बसला,
घडी घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पहिला महिना नुसती झोप.
आणि सकाळी तोंडाला कोरड.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी,
तो मागच्या दारी पंप उघडून बसला होता.
मनगटावर रावसाचे दोन खवले वाळून चिकटलेले.
मी वाकून एक नखाने काढला.
दुसरा काढला नाही.
हात तिथेच राहिला, गरजेपेक्षा जास्त,
आणि मला तो उचलावासा वाटेना.

गोळीने, की बोलून टाकल्याने,
की नुसताच मंगळवार म्हणून,
काद्रीबाई विचारतील, मला सांगता येणार नाही.
तारीख तेवढी
लाद्यांच्या वहीत कोपऱ्याला लिहिलीय,
पेन्सिलने.