चौथं पाणी

या देशात जमिनीखाली तेल आहे,
आणि मी सुवैकच्या किनाऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये
अबूबक्करच्या कॅफेटेरियातलं जळकं तेल गाळत बसलोय.
हसायचं तर हसा.
मीही पहिले दोन महिने हसलोच.

फडक्यावर राहतं ते बघायला आवडतं मला:
मिरचीचं देठ, पराठ्याचा काळा चुरा,
सुरमईच्या शेपटीचं टोक, जाळीदार,
एकदा एक बटण.

मग मिथेनॉल, कॉस्टिक, तोंडावर मास्क,
आणि रात्रभर निवणं.
सकाळी तळाशी ग्लिसरीन, काकवीसारखं.
ते नळानं सोडून द्यायचं.
वर उरतं ते डिझेल, असं सुलैमला वाटतं.
पण त्यात साबण असतो.
डोळ्याला दिसत नाही,
दोन बोटांत घेतलं की घसरतो.
साबण इंजिनात गेला की नोझल तुंबते,
आणि आठ मैल आत नोझल तुंबली
की हर्णैपासूनचे सगळे पीर आठवतात.

म्हणून धुवायचं.

जुलैत पाणी तापवावं लागत नाही,
छतावरची टाकी स्वतःच उकळते.
झारीनं, वरून, हळू.
थेंब तेलातून खाली जातात
आणि जाता जाता काहीतरी घेऊन जातात.
पहिलं पाणी पांढरंफेक.
दुसरं, तांदळाचं धुवण.
तिसऱ्याला
बादलीचा तळ दिसतो, पण धुक्यातून.

पहिल्या खेपेला मला दम नव्हता.
ड्रिलला फिरकी लावली आणि ड्रम घुसळून काढला.
पाच मिनिटांत दोनशे लिटरचं विरजण लागलं.
घट्ट, पिवळं, हलेना.
रफीकुल डोकावला, म्हणाला, "ओस्ताद, पायेश?"
तेल गेलं, तूप गेलं,
धुपाटणं म्हणून ड्रिल हातात.

तीन दिवस ते तसंच.
सुलैम रोज दारात यायचा,
रागवायचा नाही, फक्त ड्रमकडे बघायचा.
त्यापेक्षा रागावला असता तर बरं.

चौथ्या रात्री सुमैयाला फोन.
दापोलीच्या कॉलेजात, सायन्स, दुसरं वर्ष.
म्हणाली, अब्बा, ते इमल्शन आहे,
मीठ घाल, फाटेल.
मी विचारलं, किती?
ती म्हणाली, पुस्तकात ग्रॅममध्ये आहे,
तुझ्याकडे काटा आहे का?
काटा नव्हता.
समुद्र होता, चाळीस पावलांवर.

दोन बादल्या आणल्या.
ओतल्या, आणि काठीनंही ढवळलं नाही.
बाजेवर पडून राहिलो.
पहाटे बॅटरी मारली तर ड्रममध्ये
मधोमध रेघ पडलेली,
कुणी दोऱ्यानं आखावी तशी.
रफीकुलला उठवलं.
तो शिव्या देत आला आणि मग गप्प झाला.

आता घाई करत नाही.
खारं गेलं की गोडं, गोडं गेलं की पुन्हा गोडं.
पाणी इथं टँकरनं येतं, त्याचे पैसे पडतात.
सुलैम विचारतो, चौथं कशाला?
मी बाटलीत अर्धं तेल, अर्धं पाणी घालून
त्याच्यासमोर हलवतो.
मधे फेसाची साय धरली, तर आणखी एक.

मग दोन दिवस उघड्या पातेल्यात, उन्हात.
ढगाळ तेल कधी नितळतं
ते मला एकदाही पकडता आलेलं नाही.
पाणी प्यायला जातो, परत येतो,
तर झालेलं असतं.

काचेच्या बरणीत भरतो,
मागे माझं रेसिडेंट कार्ड धरतो.
वाचता आलं तर पास.
बरणीतून माझं नाव दिसतं, अरबीत.
मदरशात शिकलेली अक्षरं,
इथं पहिल्यांदाच नीट लागली.
खाली मुदत.
ती मात्र तेल कितीही गढूळ असलं
तरी वाचता येते.

पहाटे सुलैमची होडी सुटते.
धुराला तळलेल्या सुरमईचा वास.
रफीकुल म्हणतो, मासे पळत असतील घाबरून.
मी म्हणतो, जवळ येत असतील, ओळखीचं कोणी म्हणून.
इंजिन एकदा खोकतं.
मी उभा राहतो, झारी हातात तशीच,
आवाज सरळ लागेपर्यंत.