बारा चौकोन

पुंता अरेनासला वारा असा
की चौकात दोर बांधून ठेवतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
दोर धरत धरत ओविदिया आली.
कोटाच्या आत फाईल, फाईलमध्ये
तिसऱ्यांदा परत आलेला अर्ज:
एक लहान खोली, जाड पडदा, मंद दिवा,
आवाज सोसेनासा झाला की मुलांना बसायला.

शनिवारचं प्रशिक्षण. हजेरीपटावर सही,
कागदी कपात कॉफी, छातीवर नावाची चिकटपट्टी.
विशेष शिक्षक भिंतीकडे, मुख्याध्यापक हीटरकडे.
कुणी सांगितलं नव्हतं, तशी वाटणी आपोआप होते.
मागच्या वर्षीचं तिला एवढंच आठवत होतं:
सव्वाशे स्लाइड्स,
आणि प्रमाणपत्रावर चुकलेलं आपलं नाव.

या वेळच्या एदुविहेसबाई खोकं घेऊन आल्या.
म्हणाल्या, आता दोन तास कुणी बोलायचं नाही,
जेवताना तर नाहीच.
आणि एकेकाच्या गळ्यात पाटी अडकवली.
बारा चौकोन, बारा चित्रं.
पाणी, पाव, संडास, घर,
आई, चेंडू, झोप, अजून,
आनंद, दुखतंय, हो, आभार.

मुख्याध्यापक एव्हारिस्तो व्हुकासोविच
सभेत उभे राहिले की इतिवृत्ताला पुरवणी जोडावी लागते.
त्यांच्यापुढे बाईंनी शिंपल्यांचं कालवण ठेवलं.
शिंपले त्यांना लहानपणापासून सोसत नाहीत.
ताट सरकवलं. बाईंनी परत पुढे ओढलं,
गोड आवाजात, आपण ओढतो तसं.
त्यांनी 'दुखतंय'वर बोट ठेवलं.
बाईंनी पाठीवरून हात फिरवला.
'घर'वर ठेवलं.
जेवलं की घरी जायचं हं, शहाणा ना?
ताट तिसऱ्यांदा आलं
तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

दोन शिंपले घरंगळत हीटरखाली गेले.
बाईंनी खडू घेतला, फळ्यावर लिहिलं:
एक वाजून दहा मिनिटं. कारण नसताना आक्रमक वर्तन.

वाक्य ओविदियाला पाठ होतं.
नाहुएलच्या नोंदवहीत तिच्याच अक्षरात होतं,
सतरा वेळा, तारखा बदलून,
खाली सही व्हुकासोविचसाहेबांची.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
दोघंही पाटीकडे पाहत होते,
वरून खाली, मग पुन्हा वरून खाली.

त्यांच्या भाषेत 'नाही' आणि 'नको' यांना मिळून
एकच शब्द, दोन अक्षरांचा.
तेवढाही कुणी ठेवला नव्हता.
अजून म्हण, आभार मान, हो म्हण;
चौकोन आखणारे सगळे भले लोक होते.

अर्जाचं काय झालं ते विचारू नका,
समिती एप्रिलमध्ये बसते.
निघताना साहेबांनी एवढंच विचारलं
की पडद्याला कापड किती मीटर लागेल,
आणि उत्तर ऐकायच्या आत
टोपी धरून वाऱ्यात शिरले.

सोमवारी ओविदियाने तेरावा चौकोन काढला.
उघडा पंजा, समोरच्याकडे.
पाटीवर जागा नव्हती, म्हणून कडेला
चिकटपट्टीने लोंबता लावला.
नाहुएल सकाळभर त्याच्याकडे बघत होता.
साडेदहाला तिने निळा कोट पुढे धरला.
त्याने पंजावर बोट ठेवलं.
तिचे हात सवयीचे, बाही चढवूही लागले होते.
बोट पुन्हा.

कोट खुंटीवर गेला.
मग दूध गेलं. मग गाणं. मग कोडं.
दुपारपर्यंत अकरा वेळा
त्या कागदाचा कोपरा मळला.
शेवटचा पंजा तिच्यासाठीच होता.

ती खुर्ची मागे घेऊन बसली, दोन हात लांब.
जरा लागलंच तिला, खोटं कशाला बोला.
तो हसला नाही की वळला नाही.
लाल ठोकळ्यावर पिवळा ठेवत होता,
पिवळ्यावर लाल.