लष्करपट्टी

गट नंबर दोनशे चौदा. एक हेक्टर बासष्ट आर,
पोटखराब अकरा.
सातबारावर शेताचं स्थानिक नाव लिहायला एक रकाना असतो.
त्यात माझ्या आधीच्या तलाठ्यानं, त्याच्या आधीच्यानं,
आणि निजामाच्या पटवाऱ्यानं उर्दूत
एकच शब्द उतरवत आणलाय: लष्करपट्टी.

इथं लष्कर कुठलं?
तुरीची धसकटं, एक बाभूळ,
नांगराला अधूनमधून लागणारी हातभर लोखंडी मेख.
ती पारूबाई बेलदार भिंतीत ठोकते
आणि तिला भाकरीची टोपली अडकवते.

मग केजच्या जुन्या दप्तरात एक मोडी कागद निघाला,
कडा वाळवीनं खाल्लेला, सन पुसट.
परभणीच्या भुजंगराव दैठणकरांनी तो वाचून दिला,
भिंगाखाली, खोकत खोकत, फी न घेता.

लिहिणारा गावचा कुलकर्णी, विसाजी त्र्यंबक.
लढाईतलं त्याला काही कळत नसावं.
कोण जिंकतंय, कोण हरतंय, एक अक्षर नाही.
त्यानं लिहिलंय:

*पातशाही लस्कर फाल्गुन वद्य तृतीयेस उतरले.
तंबू मोजवत नाहीत.
कडबा नेला, पेंढी सात हजार. दाम दिल्हा नाही.
आंबे तोडिले तेहतीस, सरपणास.
हत्ती नऊ, पैकी एक दुखणाईत.
सराफ आले, कासार आले, कलावंतिणी आल्या, पेठ भरली.
आपला गाव आता त्यांचे गावात आहे.*

इथं भुजंगराव थांबले. मीही.
बाहेर कुणीतरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खोळंबलं होतं.

शत्रू म्हणे दिसलाच नाही.
रात्री कुणी स्वार येत, दावणी कापून जात.
सकाळी लष्कर स्वतःलाच मोजत बसे.
लमाणांचे तांडे धान्य घेऊन निघाले होते,
बालाघाटात अडले, का अडवले, ठाऊक नाही.
ज्वारी रुपयाला चार शेर झाली.
मग अडीच.
मग विसाजीनं भाव लिहायचं सोडलं.

मांजरेचा डोह घोड्यांनी पिऊन टाकला,
तळाचे मासे पोरांनी हातानं धरले.
तेव्हा हुकूम सुटला, विहीर खणा.
बेलदार सोळा, बुऱ्हाणपुराकडचे.
सहा हातांवर काळा पाषाण.
सुरुंगाला दारू मागितली,
ती तोफांची आहे, मिळणार नाही.
मग घण. मग छिन्नी.
पंधरा दिवसांत अठरा हात.
वर माणसं ताप येऊन मरत होती,
खाली सावली तरी होती.

सोळाव्या दिवशी पहाटे नगारा झाला.
कुठं जायचं, कुणाला सांगितलं नाही.
चाळीस दिवसांचं शहर
दुपारपर्यंत गुंडाळून बैलांवर चढलं.
चुली राहिल्या. मेखा राहिल्या. दुखणाईत हत्ती राहिला.
आणि विहिरीत असलेल्यांना
वरून हाक मारायचं राहून गेलं.

कागदाची शेवटची ओळ:
*तिसरे प्रहरी पाणी लागले. गोड आहे. पिणार गेले.*

पारूबाईला मी हे सगळं वाचून दाखवलं.
तिनं ऐकून घेतलं, जसं बँकेतल्या माणसाचं ऐकतात.
तिला वारसनोंद हवी होती, दीड वर्ष झालं,
नवऱ्याचं नाव कमी करून तिचं लावायची.
मी फॉर्म काढला.
विहीर? जुनी, एक, बांधीव नाही. पाणी? असतंय.
मूळचे कुठले तुम्ही लोक?
हा प्रश्न फॉर्मात नव्हता, मीच विचारला.

"खालचे," ती म्हणाली,
आणि हनुवटीनं विहीर दाखवली.
"वर आलो तर कुणीच नव्हतं, असं सासरा सांगायचा.
आता अंगठा कुठं देऊ?"