डाग

डबीची काच सुटली तेव्हा फादर त्रिभुवन म्हणाले,
तूच घेऊन जा जॅसिंता, तुझा हात स्थिर आहे.
भावाच्या बाप्तिस्म्याच्या दुपट्यात गुंडाळून
मी नाशिकरोडला बस धरली.
मांडीवर रक्तसाक्षी,
शेजारी मेथीच्या जुड्या घेतलेली बाई.
काय आहे, देव?
नाही, म्हटलं. हाड.
ती जरा सरकून बसली.

सराफ बाजारात चिंधू विसपुत्यांच्या दुकानात
भिंतीवर एकोणसत्तरच्या पुराची रेघ अजून आहे.
त्यांनी आधी डबी जोखली.
एकसष्ट ग्रॅम तीनशे वीस.
"जोखल्याशिवाय हात लावत नाही, मागून वाद नको."
मग डोळ्याला भिंग:
"काम बाहेरचं. जुनं. डाग द्यावा लागेल."

डाग.
ओझरला आजोळी हा शब्द मी
मसणवट्यातून परतलेल्या माणसांकडूनच ऐकला होता.
मुलगा नव्हता, पुतण्याने डाग दिला.
विसपुते हसले. अहो, चांदीचा डाग, जोडायचा.
आत असेल ते काढा, ज्योतीत जळेल.

लाल रेशमावर गव्हाच्या कोंड्याएवढं काहीतरी,
खाली कागदाची पट्टी.
'संत' वाचता येतं, पुढे एक म,
मग पाण्याचा डाग.
कोणाचं आहे, विसपुत्यांनी विचारलं.
नाव गेलंय, म्हटलं.

मी तळहातावर घेऊन उभी राहिले.
मूठ मिटली तर घाम लागेल.
बोलत राहिले, भीती वाटली की मी बोलते:
रोमच्या भुयारात दिवे घेऊन उतरायच्या,
श्वापदांनी टाकलेलं रात्रीतून वेचायच्या,
वाळूतलं रक्त बोळ्याने टिपून घ्यायच्या,
बायकाच जास्त.
त्या बायका मला कळतात.
संत तितकेसे कळत नाहीत.
कबरीवर रात्रभर रुमाल ठेवायचे, म्हटलं,
आणि सकाळी जोखायचे. श्रद्धा असली तर जड भरायचा.
"दव पडलं असेल," विसपुते म्हणाले,
आणि फुंकणी तोंडाला लावली.

मग ज्योत बाजूला करून, माझ्याकडे न बघता:
"अप्पांच्या अस्थी मागच्या महिन्यात रामकुंडात सोडल्या.
साडेतीन तासांत विरघळतात म्हणतात.
मी पायरीवर बसून होतो.
एक तरी राहील म्हणून बघत होतो.
नाही राहिलं. सुटले, असं सगळे म्हणाले.
तुम्ही याला सोडत का नाही?"

मला सांगता आलं नाही.

आईची कबर अकराव्या वर्षी उघडली.
जागा कमी आहे, पुढच्याला द्यायची असते.
सायमनने गोणपाटावर मांडलं, तो हळू मांडतो.
खालच्या जबड्यात एक दाढ, चांदी भरलेली.
सिव्हिल हॉस्पिटलात भरली होती,
माझं मनगट धरून बसली होती ती,
नखांचे वण चार दिवस होते.
बाकी हाडं कुणाचीही असती.
दाढ तिचीच.
सायमन फावडं धुवायला गेला तेवढ्यात मी घेतली.
हे मी कन्फेशनमध्येही सांगितलेलं नाही.
चोरी म्हणावी तर कोणाची.

डबी गार झाली. हाड रेशमावर,
पट्टी खाली, काच वर.
विसपुत्यांनी पुन्हा जोखली.
एकसष्ट सहाशे दहा.
"वाढलं ते डागाचं," म्हणाले.
मजुरी घेतली, जरा कमीच.
पावतीवर नावाच्या जागी थोडं थांबले
आणि माझंच नाव लिहिलं.

परतीच्या बसला गर्दी नव्हती.
द्वारका सर्कलपाशी कंडक्टरने सुट्टे मागितले.
मी पर्सचा आतला कप्पा उघडला,
खिडकीच्या उजेडात धरला,
आणि एकेक नाणं नीट बघून दिलं.